उघड्यावरचा फासा

४ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद लिहीत नाही. मागच्या वेळी ते तू पाकिटासकट परत पाठवले होतेस.

दादा आजारी आहे, इस्पितळात ठेवलाय. वहिनी तुला फोनवर 'पोटाचं जरा दुखणं आहे' म्हणाली असेल. पोटात आहे, एवढंच त्यातलं खरं. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की कापण्याजोगं काही उरलेलं नाही, आता फक्त वेदना कमी ठेवायच्या. वहिनीनं तिथंच माझा हात धरून वदवून घेतलं की दादाला यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही. त्याला अल्सर आहे असं सांगितलंय. पावसाळ्याआधी हिंडाफिरायला लागशील असंही सांगितलंय. मला हे पसंत नाही. पण नवरा तिचा आहे आणि शब्द मी दिला आहे.

मला भेटायला ये असं मी म्हणत नाही. त्याला भेटायला ये.

दुसरी गोष्ट, त्याला आपल्या खेळातलं भुयार संपवायचं आहे. कॉलेजात असताना आपण तिघं पहिल्यांदा ज्यात उतरलो, तेच. "पडल्या पडल्या दुसरं करू काय, काट्या?" असं म्हणाला. मला तो अजून काटाच म्हणतो. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्याचं हे बक्षीस. जुना भिडू डेंटिस्ट रविवारी दवाखाना बंद ठेवून येतो, आणि मी नेहमीप्रमाणे सूत्रधार. खेळातल्या टोळीत आता दोघंच उरलेत, दादाचा दिवटीवाला आणि डेंटिस्टचा चोर. तुझी वैदीण तिसऱ्या तळावर, कोरड्या विहिरीपाशी, तू उठून गेलीस तेव्हा होती तिथंच बसून आहे. मी तिला मारलेलं नाही. नियमात बसत नव्हतं. तिच्यावर कुणी चाल करून आलं नव्हतं.

तिचा कागद, तिच्या गुणांचे आकडे लिहिलेला, तुझ्याकडे असेल. आलीस तर घेऊन ये.

— ताई


२२ मार्च

धाकटीस,

तू दादाला पाठवलेला, तुझ्या खेळाच्या नियमांचा छापील कागद पोचला. त्याच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही, म्हणून तो मलाच मोठ्यानं वाचून दाखवावा लागला. तुझा बेत हाच असेल तर मानलं तुला.

'खेळाआधी प्रत्येकाला विचारा, काय नको आहे. मग विचारा, काय हवं आहे. खेळणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं पात्र मरणार नाही. फासा गोष्टीच्या आड आला तर फासा बाजूला ठेवा.' तुझ्या टेबलावर हे असं चालतं तर.

डेंटिस्ट म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो, काय नको. सगळे म्हणतात, तू नको." दादा इतका हसला की सलाइनची नळी हलायला लागली. मग दम खाऊन म्हणाला, "तिच्याकडून माणसं रडून, हलकी होऊन घरी जातात म्हणे."

मी म्हटलं, "रडायला खेळ कशाला लागतो?"

"तुला नाही लागत. तू रडतच नाहीस."

पत्रात वाद घालायचा नव्हता, पण कागद तू पाठवलास तेव्हा उत्तर ऐक. भुयार कुणासाठी बांधलेलं नसतं. ते असतं. आत कोण उतरतंय, त्याचं काल काय झालं, त्याला काय सोसवतं, हे भिंतीला ठाऊक नसतं. म्हणून तर तिथून जिवंत वर येण्यात काही अर्थ असतो. मी फासे मिठाच्या पाण्यात तरंगवून तपासले, एका बाजूला झुकणारे फेकून दिले, आणि उरलेले पितळी पारड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकत आले. नेम धरून कधी कुणाला मारलं नाही आणि दया येऊन कधी कुणाला वाचवलं नाही. तुझ्या नवऱ्यानं त्या दिवशी हात वर करून सांगितलं की पाणी नको, माझा भाऊ पाण्यात गेला. मला वाईट वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. पण तिसऱ्या तळावरचा पूर नकाशावर तो आपल्या घरी यायच्या कितीतरी आधीपासून होता. तो चपला हातात घेऊन जिना उतरला, मागोमाग तू. मी आजही तेच करीन. पाणी चढतं ते सगळ्यांसाठी चढतं.

असो. दादाचं सांगते. नकाशा अजून तोच काढतो, मांडीवर फळी घेऊन. चाळीस वर्षं सरकारी जमिनी मोजलेला हात आहे. थरथरतो, पण रेघ सरळ येते. दुपारच्या पाळीची नर्स सलाइन बदलायची विसरून बघत उभी राहिली.

"पट कुठंय?" तिनं विचारलं.

"पट नाही," मी म्हटलं. "समोर काय आहे ते मी सांगते, आपण काय करतो ते हे सांगतात. जमेल का याची शंका असेल तर हा वीस बाजूंचा फासा टाकायचा, हवेत त्याहून कमी पडले तर जमलं नाही."

"मग यात जिंकतं कोण?"

"कुणीच नाही," दादा म्हणाला. "जो मरत नाही तो पुढच्या रविवारी येतो."

नर्स हसली. वहिनी उठून बाहेर गेली.

चौथ्या तळावर पोचलोय. दिवटीवाला एका लाकडी पुलावर काठी न ठोकता चढला आणि फळी मोडली. चौदा हवे होते, सतरा पडले. वाचला.

तू अजून कळवलेलं नाहीस.

— ताई


२ एप्रिल

धाकटीस,

सतरा पडले नव्हते. चार पडले होते.

तुला मागच्या पत्रात खोटा आकडा लिहिला, कारण दादाला तोच सांगितला होता आणि दोन ठिकाणी दोन आकडे ठेवायची मला सवय नाही. आता लपवण्यात काही राहिलेलं नाही म्हणून लिहिते.

पूल कुजका आहे हे मी सुचवलं होतं. ओल्या लाकडाचा वास, खाली पाण्याचा आवाज, सगळं सांगितलं होतं. दादाचा दिवटीवाला कॉलेजपासून काठीनं ठोकल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, तुला ठाऊक आहे. जमिनीवर भरवसा ठेवणं त्याच्या धंद्यातच नव्हतं. त्या रविवारी तो दमला होता. नुसतं "चढतो" म्हणाला. डेंटिस्टनं माझ्याकडे पाहिलं. मी फासा उचलला. आठवण करून देणं सूत्रधाराचं काम नव्हे.

फासा टाकला, पारडं वाजलं आणि माझा हात फाशावर जाऊन बसला. मी ठरवलं नव्हतं. चहा सांडताना हात जातो तसा गेला.

"वाचलास," मी म्हटलं.

"किती?"

"सतरा."

"हात उचल."

"सतरा म्हटलं ना." तोवर फासा माझ्या मुठीत होता.

दादानं नकाशाची घडी घातली. डेंटिस्ट उकाड्याबद्दल बोलायला लागला, आणि उकाड्याबद्दल बोलून झाल्यावर निघून गेला. मग दादा म्हणाला, "काट्या, डॉक्टर काय म्हणाले?"

"अल्सर."

"ते तिनं मला सांगितलेलं. तुझ्यासमोर काय म्हणाले?"

माझा शब्द वहिनीकडे होता.

"तू काठीची आठवण करून दिली नाहीस," तो म्हणाला, "म्हणजे तोवर तू तूच होतीस. मग हात का ठेवलास?"

"राहवलं नाही."

"तुला?" तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "तुला?"

डॉक्टर तोंड बघून बोलतात, बायको रडू आवरून बोलते, हे त्याला चालत होतं. त्यातून माणसाला आपल्याला हवा तो अर्थ काढता येतो. माझ्या त्या हाताचा मात्र एकच अर्थ निघत होता. मी जन्मात न केलेली गोष्ट त्याच्यासाठी केली, म्हणजे त्याच्यासाठी दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही. बिछान्यातला मोजणीदार तो, दोन खुणांवरून तिसरी काढायला त्याला कितीसा वेळ.

वहिनी कॉरिडॉरमध्ये आडवी आली. "शब्द दिला होतात, वन्सं."

"मी एक अक्षर बोलले नाही."

"तेच तर," ती म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी औषधांपुरतं बोलते.

अल्सरचा पेशंट असताना दादा रोज सकाळी दाढी करून घ्यायचा, घरी कधी सोडणार म्हणून डॉक्टरांच्या मागे लागायचा. आता विचारत नाही. दाढी वाढली आहे. रेडिओ नको म्हणतो. गेल्या रविवारी डेंटिस्ट आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग आहे हे आम्हाला कळावं इतपत वाईट केलं.

आता तू म्हणशील, दादासाठी हात ठेवता आला, माझ्या नवऱ्यासाठी नाही आला. चौथ्या तळावरच्या त्या पुलाखाली तेच पाणी आहे, वरच्या तळावरून उतरलेलं. तू म्हणण्याआधी मीच सांगून टाकते.

— ताई


१९ एप्रिल

धाकटीस,

हे पत्र लहान आहे. दादा आज आपण होऊन बोलला. म्हणाला, "तिला बोलव. तिच्या पद्धतीनं खेळू. फाशाचं आता काही खरं नाही."

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतेस, तोवर 'ताईला म्हणावं फासा बाजूला ठेव आणि त्याला विचार, त्याच्या दिवटीवाल्याचं काय व्हावं.' विचारीन. मला ते नीट जमणार नाही, पण विचारीन.

पुढच्या महिन्याची सुरुवात लांब आहे. डॉक्टर आता वहिनीला बाहेर बोलावत नाहीत, खोलीतच बोलतात. यावरून काय ते समज. तुझा माझ्यावरचा राग खरा असेल, तो तसाच राहू दे, जिन्याखाली ठेवून वर ये. मी खोलीत थांबणार नाही. तुझ्या टेबलावरचे सगळे नियम मला मान्य आहेत. आजच निघ.

— ताई


११ मे

धाकटे,

तू घरी आलीस तेव्हा त्याची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. त्याबद्दल मी काही बोलत नाही. गाडी, रजा, नवऱ्याचं काम, सगळं वहिनीनं सांगितलं. तिनं न सांगताही मी मानलं असतं.

दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे. दोन दिवस तू वहिनीच्या खोलीत बसलीस. निघताना जिन्यात थांबलीस आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस: "शेवटी किती पडले, ताई?" मी फासा टाकला होता हे तुला वहिनीकडून कळलं असणार. मी म्हटलं, "वीस." आणि तू मला मिठी मारलीस. "बरं केलंस," म्हणालीस. "बरं केलंस गं." तुझा नवरा खाली चपला घालत होता. त्यानं वर पाहून मान हलवली. मग पर्समधून वैदिणीचा कागद काढून तू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "जूनमध्ये येते. तुझ्याकडेच उतरते."

मी तिथं बोलायला हवं होतं. तू इतकं घट्ट धरलं होतंस की बोलले नाही.

ती दुपार तुला नीट सांगते. तुझ्या निरोपाप्रमाणे मी फासे खिडकीपाशी ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "तुझ्या दिवटीवाल्याचं काय व्हावं असं तुला वाटतं?"

त्यानं डोळे उघडले. "काट्या, तू विचारलंस की तोंडी परीक्षा द्यायला बसल्यासारखं वाटतं."

"मला हेच येतं. सांग."

त्यानं डोळे पुन्हा मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "काही व्हावं असं नाही वाटत. काय होतं ते बघायचंय. तेवढ्यासाठीच तर तुझ्याकडे खेळत आलो. धाकटी आली असती तर तिनं मला उजेडात नेलं असतं, माहीत आहे. तिनं नेलं असतं तर मी गेलोही असतो. पण तू नको नेऊस." थोडं पाणी प्याला. "शेवटचं दार आलंय ना?"

"आलंय."

"ढकलतो. किती हवेत?"

"वीस," मी म्हटलं. त्या दाराला वीसच हवे होते. मी ते कॉलेजच्या वहीत लिहिलं तेव्हापासून.

"बरोबर," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. "टाक. उघड्यावर. पडेल ते पडेल."

पारडं खिडकीपाशी होतं, त्याला मान वळवता येत नव्हती. मी टाकला. पितळ वाजलं. मी वाकून पाहिलं.

वीस.

पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग सांगितलं, "वीस."

तो हसला. पोरगं आपल्याला फसवायला बघतंय आणि आपण फसल्याचं दाखवतोय, असं हसला. "पुरे गं आता," म्हणाला.

"दादा, खरंच वीस आहेत."

"बरं. आहेत."

पारडं उचलून त्याच्यासमोर नेलं असतं तर फासा हलला असता. मी नर्सला हाक मारली. तिला म्हटलं, वरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाच. तिनं वाकून वाचलं, "वीस आहे, आजोबा."

दादानं माझा हात धरला आणि त्यावर हलकेच थोपटलं. "तिलाही पढवलंस? कुठून कुठं आलीस गं तू, काट्या."

मग डोळे मिटले. दाराच्या पलीकडे काय होतं ते मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, जसं लिहिलं होतं तसं: पायऱ्या, मोकळं रान, सकाळ. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. ऐकत असला तरी मी त्याच्यासाठी गोड रचून सांगतेय असंच त्याला वाटत असणार. ज्या बहिणीनं आयुष्यभर एकही आकडा फिरवला नाही, ती शेवटी आपल्यासाठी किती खोटं बोलतेय, हेच बघत तो गेला. भुयारातून तो खरोखर बाहेर पडला होता, आणि ते फक्त मला माहीत आहे.

संध्याकाळी वहिनीनं टेबल आवरलं. फासा औषधांच्या बुचांबरोबर डब्यात गेला. नर्स त्या पाळीवर आता नाही. डेंटिस्ट त्या दिवशी आला नव्हता. त्यानंतर मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "उत्तम केलंत," आणि अगदी तुझ्या नवऱ्यासारखीच मान हलवली.

आमच्या खात्यात एकदा खोटं निघालेलं वजन दुरुस्त करून पुन्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. ते वितळवायला जायचं. नंतर ते कितीही बरोबर भरलं तरी विचारतो कोण. मला तेव्हा ही पद्धत योग्य वाटत असे. आजही वाटते.

तू जिच्या गळ्यात पडलीस ती ताई तुझ्या पद्धतीनं वागलेली, मरणाऱ्या भावाला हवं ते देणारी, अखेरीस विरघळलेली. तशी एकदाच वागले, त्या पुलावर, आणि त्याच्याकडून होता तेवढाही आधार काढून घेतला. शेवटच्या दुपारी मी तशी नव्हते. दोन पडले असते तर दोन सांगितले असते. त्यानं तेच मागितलं होतं, आणि मी तेच दिलं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

हे पत्र टाकलं नाही तर जूनमध्ये तू येशील. माझ्याकडे उतरशील. तुझा नवराही कदाचित जिना चढेल. हे मला कळत नाही असं समजू नकोस. तीन दिवस पाकीट टेबलावर आहे. पण तू बोलशील ते सगळं त्या दुसऱ्या ताईशी बोलशील, आणि मला तिच्यासारखं तोंड करून समोर बसावं लागेल. ते मला जमणार नाही. म्हणून उद्या सकाळी टाकते.

वैदिणीचा कागद माझ्याकडे आहे. तू वयाच्या विसाव्या वर्षी पेन्सिलीनं काढलेलं तिचं तोंड अजून दिसतं, एक डोळा मोठा झालाय. हवा असेल तर परत पाठवते, नियमानं तो तुझा. ती अजून विहिरीपाशी बसली आहे. तिला वर आणायचं तर मला फासा टाकावा लागेल, आणि मी सांगेन तो आकडा तू खरा धरशील असं मला आता वाटत नाही.

— ताई